मेश्रामदादांच्या खिशातली चावी

आम्ही लिफ्ट दुरुस्त करणारे चार जण एकत्र बसलो की चहा निवतो, पण मेश्रामदादांचे किस्से संपत नाहीत. दादा आमचे सीनियर मेकॅनिक. आता पुण्याला मुलाकडे असतात. ते नागपूर सोडून गेले तसे किस्से वाढतच चालले. रोज कोणाला तरी एखादा नवा आठवतो.

*

शाफ्टमध्ये उतरण्याआधी दादा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालत आणि चावी स्वतःच्या खिशात टाकत. बेसा भागातल्या एका सोसायटीचे अध्यक्ष वैतागले. "अहो, आजवर कधी काही झालंय का? उगाच वेळ घालवता."

दादा म्हणाले, "नाही झालं साहेब. रोज कुलूप लावतो ना."

*

रवी आमच्यातला सगळ्यात चपळ. ऐन उन्हाळ्यात पट्टा काचतो म्हणून एकदा सेफ्टी बेल्ट न लावताच चढला. दादा ओरडले नाहीत. खालूनच रवीच्या बायकोला फोन लावला, स्पीकरवर.

"सूनबाई, आज जेवायले काय करून राहिली वं?"

"भरली वांगी, दादा. काहून?"

"रवीसाठी करू का नको, ते त्यालेच विचार. बेल्ट नाही लावला त्यानं."

वरून लगेच बेल्टचा हुक अडकल्याचा आवाज आला.

*

धंतोलीतल्या एका दवाखान्यात लिफ्ट बंद पडली. स्ट्रेचरवर पेशंट, नातेवाइकांचा गलका. दादा घाईघाईत लिफ्टच्या टपावर पाय टाकणार, तोच रवी म्हणाला, "दादा, चावी?"

दादांनी खिसा चाचपला. रिकामा. स्विच चालूच होता.

कुलूप लावून त्यांनी काम पूर्ण केलं आणि मग जिन्यावर बसून राहिले. मी पाणी दिलं.

"विसरलो त्याचं नाही गा," ते म्हणाले. "पाय टाकताना मले भेवच नाही वाटलं. आता थांबतो."

आम्ही हसण्यावारी नेलं. पुढच्याच महिन्यात त्यांचं सामान बांधून झालं.

*

आता कुलूप रवी लावतो. लावून झालं की क्षणभर मागे वळून बघतो. मीही बघतो. मागे कोणी नसतं.

*

परवा दादांची फारच आठवण आली. कामाच्या मध्येच फोन लावला.

"कुठं आहेस गा?"

"लिफ्टच्या टपावर, दादा. सहजच केला..."

फोन कट. पुन्हा लावला, उचललाच नाही. मला वाटलं, काही चुकलं का?

संध्याकाळी घरी येऊन चपला काढत होतो, तेव्हा त्यांचा फोन आला.

"घरी पोचला?"

"पोचलो, दादा."

"मग आता बोल. दुपारपासून फोन हातातच धरून बसलो आहो."