कराचीहून आलेले गृहस्थ

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर मी अर्ज टाइप करून द्यायचो. पाकिस्तानची गाडी अचानक बंद झाली, त्या आठवड्यात कराचीचे एक म्हातारे गृहस्थ आले. अंबरनाथला बहिणीकडे अडकलेले, व्हिसा संपत आलेला. मुदत वाढवायला त्यांना पाकिस्तानी वकिलातीचं पत्र हवं होतं, त्यासाठीचा अर्ज मी टाइप करत होतो. मजकूर ते मराठीत सांगत होते, प्रत्येक वाक्याला "बरं का" जोडून. समोरच्या टपरीवर हवालदार चहा पीत होता. सलगी दिसू नये म्हणून मी हिंदीतच विचारत राहिलो.

पासपोर्ट रुमालात गुंडाळताना ते म्हणाले, "मराठीत बोला की हो. तिकडे बायको गेल्यापासून बोलायला कुणी नाही."

मी टपरीकडे पाहिलं. हवालदार केव्हाच निघून गेला होता.

तरी मी ओरडलो, "अगला कौन है?"