घरट्याच्या आधी

"थांबा जी, तिथं पाय नका ठेवू!"

चिंचेखालून जाणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य एकदा तरी ऐकावं लागे. तुमच्या-माझ्यासारखा माणूस दचकून मागे सरतो, साप दिसला की काय म्हणून खाली बघतो. साप नसायचा. बगळ्याची ताजी विष्ठा असायची. मग मॅडम उकिडव्या बसत, चपट्या लाकडी काडीनं ती अलगद उचलत, छोट्या नळीत भरत आणि आपल्याकडे बघून हसत. डोक्यावर छत्री. हिवाळ्यातल्या सकाळी, ना ऊन ना पाऊस, तरी उघडलेली ही छत्री कशासाठी, ते वर बसलेल्या बगळ्यांना चांगलं ठाऊक होतं.

नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला ती चिंच. गायबगळे रोज संध्याकाळी तिच्यावर मुक्कामाला येत आणि पावसाळ्यात तिथंच घरटी करत. त्यांच्या शिटण्यानं गाड्या, वाळत घातलेले कपडे आणि माणसांची डोकी यांची सारखीच दैना होई. अख्ख्या गल्लीत त्या घाणीची वाट बघणारा जीव एकच. मॅडम शेजारच्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत आणि पक्ष्यांच्या संप्रेरकांवर पीएचडी करत.

नळ्या लगेच बर्फात ठेवाव्या लागत, म्हणून रोज सकाळी त्या आमच्या दारात. "सर, बर्फ आहे काय जी?" मी निवृत्त शिक्षक, लवकर उठण्याखेरीज मला दुसरा उद्योग नव्हता. पण आमच्या हिला हे प्रकरण काही पचत नव्हतं.

"काहून वं पोरी, एवढी शिकली, तुले दुसरं काही भेटलं नाही काय?"

मॅडम गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "काकू, माझी माय बी हेच म्हणते. काटोलात तिनं सगळ्यायले सांगून ठेवलं, पोरगी रक्त-लघवी तपासते म्हणून."

ही जी हसत सुटली, ती बर्फाचा अख्खा ट्रे त्यांच्या डब्यात उपडा करूनच थांबली. त्यानंतर बर्फाची तक्रार कधी झाली नाही.

एकदा मीच विचारलं, की बाई, यातून कळतं तरी काय?

"आमच्या बाबांचा संत्र्याचा बगीचा आहे, सर. झाडाचं पाणी तोडतात, ताण देतात. मग पाणी सोडलं की बहार फुटते. पण फूल तर मागाहून दिसते न जी, आतमधी तयारी आधीच होऊन राहते. पाखराचं तसंच. दिवस मोठा होत गेला, की त्याच्या अंगात फरक पडते. तो विष्ठेत उतरते. त्याले पकडाची गरज नाही, सुई टोचाची गरज नाही. त्याले पत्ता बी लागत नाही, अन् मले समजून जाते का आता हे घरटं करतीन."

त्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी मॅडम कॉलेजातून गल्लीत शिरल्या त्या जवळजवळ धावतच. "सर, संप्रेरकाचे आकडे चढून राहिले! आता लवकरच काड्या आणतीन." घरात कुणाचं लग्न ठरावं, तसा आनंद होता त्यांच्या तोंडावर. मलाही उगीचच बरं वाटलं.

त्याच आठवड्यात छाटणीची गाडी आली.

गल्लीनं महापालिकेकडे अर्ज दिला होता. तारांवरच्या फांद्या पावसाळ्याआधी काढायच्याच होत्या. गाडी आलीच आहे तर चिंच पुरती बोडकी करा, म्हणजे बगळ्यांची ब्याद टळेल, असा सगळ्यांचा विचार. मॅडम धावत खाली आल्या आणि खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

गाडीबरोबर आलेले साहेब वाईट नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. दुष्ट माणूस असता, तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

"मॅडम, घरटं असलं तर आम्ही फांदीले हात लावत नाही. दाखवा घरटं."

"अजून केलं नाही त्यायनं. करणार आहेत."

"अंडं?"

"घरट्याच्या आधी अंडं कसं राहीन जी?"

"मग म्हणता कशावरून?"

मॅडमनी हातातली नळी पुढे केली. साहेबांनी ती उन्हात धरून पाहिली. आत चिमूटभर राखाडी-पांढरं काहीतरी. मागे कोणीतरी खिदळलं. तारेवरच्या फांद्या काढा, बाकीचं झाड पावसाळ्यानंतर कापा, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मीही पुढे होऊन बोललो. त्यावर समोरच्या घरातले गृहस्थ म्हणाले, "सर, मागच्या पावसाळ्यात फांदी माह्या पोराच्या पुढ्यात पडली होती." त्यांचंही खोटं नव्हतं.

साहेबांनी नळी परत दिली, अगदी जपून, दोन्ही हातांनी. "यावर मी काय लिहू, मॅडम? तुम्हीच सांगा."

करवत सुरू झाली. मॅडमना कुणी ओढून काढलं नाही. त्या आपणहून बाजूला झाल्या. तेच मला फार लागलं.

संध्याकाळी बगळे आले. उरलेल्या बुंध्याभोवती घिरट्या घालत राहिले. खाली बसू पाहायचे, पुन्हा उठायचे. शेवटी तारांवर, गच्च्यांच्या कठड्यांवर, मिळेल तिथं बसले. मॅडम आमच्या पायरीवर बसून होत्या. हिनं पुढे केलेला चहा तसाच निवला.

"त्यायच्या अंगात बहार तर येऊन चुकला, सर. आता तो वापस कसा जाईन?"

पुढे हळूहळू बगळे पांगले, आणि मॅडमनीही खोली सोडली. बगळेच नाहीत म्हटल्यावर अभ्यास कशाचा करणार? पीएचडी झाली की अर्धवट राहिली, मला माहीत नाही. फोन करावासा वाटतो, पण विचारायचं काय, हे सुचत नाही.

त्या जाण्याआधीची एक सकाळ मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी दूध आणायला निघालो होतो. तारेखालच्या डांबरी रस्त्यावर मॅडम उकिडव्या बसलेल्या दिसल्या. नेहमीचंच काम असेल म्हणून जवळ गेलो, तर समोर फुटलेलं अंडं. फिकट निळसर कवच आणि डांबरावर पसरलेला बलक, अजून ओला. घालायला जागा नव्हती आणि थांबणं त्या पाखराच्या हातात नव्हतं.

मॅडमच्या हातात काडी होती, नळी होती. त्यांनी काहीच उचललं नाही. मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"आता कोणाले दाखवू जी?"