बोट लहान पडते म्हणून

वेकबोर्डिंगला मोठीच बोट लागते, असं कुणी ठासून सांगितलं की माझं डोकं फिरतं. परवा जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी मोबाईलवर व्हिडिओ दाखवत होते. फळीला पाय बांधलेला एक माणूस मोटारबोटीची दोरी धरून पाण्यावर उभा आणि बोटीच्या मागे जी लाट उठते, तिच्यावरून इकडून तिकडे उड्या मारतोय. “याला बोट केवढी लागते बघा,” ते म्हणाले, “आपल्याकडं कुठलं जमायचं हे!” मी डबा बंद केला आणि सुट्टी संपेपर्यंत त्यांना सुनावलं. त्यांची भाजी गार झाली. या बाईला बोटीतलं काय कळतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

बोटीतलं मला कळतं. एक अख्खा हिवाळा आणि थोडा उन्हाळा मी बोट चालवलेली आहे.

मी वाळूजच्या एका कारखान्यात साच्यांची ड्रॉइंगं काढते आणि आईबरोबर बजाजनगरला राहते. तेव्हाही हेच करत होते. वडील गेल्यावर गाडी, बिलं, दवाखाने, नातेवाइकांची लग्नं, सगळं माझ्याकडे आलं. माझ्या स्वतःच्या लग्नाचं तेवढं राहून गेलं. धाकटा भाऊ दुबईला होता. तिथल्या एका क्लबात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मला लहानपणापासून एका जागी बसवत नाही. बसले तरी पाय हलत राहतो आणि आई म्हणते, “पाय नको हलवू, बघणाऱ्याला चक्कर येते.” वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीही ती हे रोज म्हणत होती.

त्या वर्षी आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. भाऊ रजा टाकून आला. आई काठीशिवाय चालायला लागली, चिडायला लागली, भाजीवाल्याशी भांडायलाही लागली, तरी तो परत गेला नाही. परत कधी जाणार, हे मी त्याला विचारलं नाही. विचारलं आणि त्याला आठवलं तर, अशी धास्ती वाटायची. तो आल्यापासून घरात मी एकटी नव्हते. संध्याकाळी दुसऱ्या कुणाचा तरी गाडी लावल्याचा आवाज यायचा. तो आवाज मला पाहिजे होता, यात लपवण्यासारखं काही नाही.

दुष्काळाची वर्षं ओळीने चालली होती, पण मधलाच एक पावसाळा बरा झाला आणि बिडकीनच्या पुढचा एक तलाव काठोकाठ भरला. भावाने तो पाहिला आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. शहर चहूकडे सुटलं होतं. पडेगावच्या रस्त्याला ज्वारी उभी असायची तिथे सात-सात मजले उभे राहिले होते. बिडकीनकडे नव्या औद्योगिक वसाहतीसाठी हे एवढे रुंद रस्ते, त्यांच्यावर ओळीने दिवे, आणि वाहतूक म्हणाल तर दोन शेळ्या. एवढ्या फ्लॅटांतली एवढी माणसं रविवारी करणार काय, असं त्याचं म्हणणं. ती तलावावर येतील, फळीवर उभी राहतील, आपण त्यांना शिकवू. येताना त्याने एक बोर्ड आणलाच होता. कुठूनशी एक जुनी फायबरची बोट मिळवली, इंजिन स्वतः खोलून पुन्हा बसवलं आणि परवानगीसाठी दोन महिने हेलपाटे घातले. मी मनात म्हटलं, राहतोय हा.

तो फळीवर उभा राहणार, तर बोट कोण चालवणार? घरातली सगळी वाहनं चालवते तीच. लाइफ जॅकेट घालून मी सुकाणूवर बसले. वेग दाखवणारा काटा बंद होता, पण इंजिनाच्या आवाजावरून अंदाज यायचा. आणि खरं सांगते, पहिल्या रविवारी तलावाच्या मध्यावर गेल्यावर माझा पाय हलायचा थांबला.

आता घोळ सांगते. बोटीच्या मागे पाणी दोन्ही बाजूंना वर उठतं, त्या लाटेला या खेळात ‘वेक’ म्हणतात. सगळा खेळ त्या लाटेवरच चालतो, म्हणून त्याचं नाव वेकबोर्डिंग. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भाऊ घरात ‘वेक’ म्हणायचा आणि आम्ही ‘वेग’ ऐकायचो. आई तर शेजारणींना सांगून आली होती, “पोरगं वेगबोर्डिंग करायलंय.” त्यात चूक तरी काय वाटणार? बोट पळते, दोरी ताणते, माणूस मागे पळतो. वेगाचा खेळ नाही तर काय!

तर तो मागून दोरीवर लोंबकळत ओरडायचा, “ताई, वेक कमी पडायलाय!” इंजिनाच्या घरघरीत मला ऐकू यायचं, “वेग कमी पडायलाय!” मी लगेच वेगाचा दांडा पुढे ढकलायची. बोट जितकी जोरात पळते, तितकी तिची लाट सपाट होते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तो पुन्हा ओरडायचा. मी आणखी पळवायची. शेवटी तो पाण्यावर तीन कोलांट्या घेऊन बुडायचा आणि मला वाटायचं, एवढी बोट पळवली तरी या माणसाचं समाधान नाही.

काठावर येऊन तो नाकातलं पाणी काढायचा आणि बोटीकडे बघत बसायचा. तिथे क्लबात तो इंजिनाच्या खोलीत असायचा. दोरीवर चाललेला खेळ त्याने लांबूनच पाहिला होता. “ही नुसती पळते, पाणी उचलत नाय,” तो म्हणायचा. “बोट लहान पडते, ताई. तिथं काय बोटी होत्या! हिच्या तिप्पट.”

पहिल्यांदा तो ‘तिथं’ म्हणाला तेव्हा मी उगाचच दोरी गुंडाळायला घेतली. नंतर तो दर रविवारी म्हणायला लागला. बोट लहान पडते, तिथं मोठ्या आहेत. त्याच्या बोलण्याचा रोख मला दिसत होता. आणखी चार रविवार असे गेले तर हा बॅग भरणार. मला मोठी बोट आणून देता येत नव्हती. मग मी हातात होतं ते केलं. दांडा आणखी पुढे ढकलला.

इकडे तलाव उतरायला लागला होता. परतीचा पाऊस नीट झालाच नाही. दर रविवारी काठ आदल्या रविवारपेक्षा दहा-वीस पावलं आत गेलेला असायचा आणि तेवढ्या चिखलातून बोट ढकलत न्यावी लागायची. पाणी आता पिण्यासाठी राखून ठेवणार आणि सगळ्यालाच बंदी येणार, असं कानावर यायचं. पलीकडच्या काठाला एका शेतकरी काकांचा मळा होता. ते एकदा बांधावरून म्हणाले, “लोकं पाण्यासाठी वणवण करायलेत, अन् तुम्ही पाण्यावर उड्या मारायलात व्हय? लई भारी!” मला लाज वाटली. भाऊ हसला. पण तेच काका पुढे आमच्या कामाला आले.

फेब्रुवारीत बजाजनगरला नऊ दिवस नळाला पाणी आलं नाही. काकांच्या विहिरीचं पाणी गोड होतं आणि त्यांनी स्वतःच सांगितलं, लागंल तेवढं न्या. रस्त्याने त्या काठाला जायचं तर मोठा वळसा पडायचा आणि वाट अशी की टायर फुटावेत. म्हणून आम्ही वीस-वीस लिटरचे बारा जार बोटीत घालून पलीकडे गेलो. आईही आली. आम्ही आणलेल्या पाण्यावर तिचा विश्वास नव्हता. तिला स्वतः विहिरीत डोकावून बघायचं होतं.

जार भरले. पुढच्या भागात दोर, नांगर आणि डिझेलचा डबा होता, म्हणून बाराही जार मागेच रचावे लागले. त्यांच्यामध्ये आई बसली, दोन्ही हातांनी दोन जार धरून. जारांची झाकणं सैल होती. बोटीचा मागचा भाग पाण्यात चांगलाच बसला आणि भावाला बसायला जागाच उरली नाही. “मी दोरीवरनं येतो,” तो म्हणाला आणि पायांना बोर्ड बांधला.

“पळवू नको,” आई मला म्हणाली. “एक थेंब जरी सांडला ना, तर बघ.”

मी आईच्या धाकाने निम्म्या वेगाने निघाले. मागून ओरडणं येईल म्हणून कान टवकारून बसले होते. काही आलंच नाही. मागे वळून बघितलं तर तो उभा होता. बोटीच्या मागे पाण्याची गुडघ्याएवढी उंच, नितळ घडी पडली होती. तो तिच्यावर चढत होता, पलीकडे उतरत होता, पुन्हा चढत होता आणि एकटाच हसत होता. संबंध तलाव ओलांडेपर्यंत तो एकदाही पडला नाही.

काठाला लागल्यावर तो धापा टाकत म्हणाला, “ताई, वेक बघितला का? हे एवढा!”

“कसला वेग? आईनं पळवू दिली कुठं मला!”

“वेग नाय गं. वेक. ती लाट.”

मी हातातला दोर खाली टाकला. “मग इतके दिवस ‘वेग कमी पडायलाय’ म्हणून बोंबलत कोण होतं?”

“वेग कुणी मागितला तुला?”

दोघंही चिखलात उभे. चार महिने मी या माणसाला नुसती आपटत होते. मला हसू आवरेना, त्यालाही आवरेना. आई म्हणाली, “दात नंतर काढा, आधी जार उतरवा.”

त्या आठवड्यात मी ऑफिसात बसून साच्यांऐवजी बोटीची ड्रॉइंगं काढली. मोठी बोट म्हणजे तरी काय? तिच्या अंगातच वजन असतं, ते पाणी दाबतं आणि दाबलेलं पाणी मागे वर उठतं. आमच्या बोटीला ते वजन जारांनी आणि आईने दिलं. पुढच्या रविवारी आम्ही तलावाच्याच पाण्याने जार भरले आणि जागा बदलून बघितल्या. चार जार डाव्या कोपऱ्यात सरकवले की डावीकडची लाट उठायची. फार मागे रचले तर बोट नाक वर करून फुसफुसायची. एक जार पुढे घेतला की पुन्हा ठीक. वेग ठरला, जागा ठरल्या. स्पर्धांत उतरणाऱ्यांना मोठी लाट लागत असेल, म्हणून मोठी बोट लागत असेल, त्यांचं त्यांना माहीत. फ्लॅटांतल्या रविवारच्या माणसांना आमची बोट पुरून उरली असती. त्या दिवशी त्याला सुकाणूवर बसवून मीही फळीवर उभी राहिले. मोजून पाच-सहा सेकंद, पण उभी राहिले, आणि पडताना नाकातोंडात पाणी गेलं तरी मी ओरडत होते, पुन्हा, पुन्हा!

मला वर ढकलायला तो पाण्यात उतरला आणि मी बोटीत चढले. तो बोटीची कड धरून पाण्यातच होता. मला जिंकल्यासारखं वाटत होतं. “झालं की नाही?” मी म्हणाले. “लहान नाय पडत बोट. आता सांग, इथं काय कमी आहे?”

 तो खाली बघत म्हणाला, “ताई, मी दुबईच्या क्लबला हो म्हणून बसलोय. संक्रांतीलाच.”

“बोट लहान पडते म्हणून?”

“ते घरी सांगायला बरं पडायचं.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “बोट मोठी असती तरी मी गेलोच असतो. मला इथं करमत नाय. उगाच दुसरं कायतरी कशाला सांगू तुला आता?”

माझा तोल गेला. मी त्याला वाट्टेल ते बोलले. आईचं वय काढलं, तिचा खुबा काढला, नऊ-नऊ दिवस न येणारं पाणी काढलं. तो ऐकून घेत होता, त्यामुळे मला आणखीच चेव आला. “तुला करमत नाही!” मी ओरडले. “आणि मला करमतं? सकाळी कारखाना, संध्याकाळी दवाखाना, रविवारी टँकरवाल्याच्या मागं पळायचं, याच्यात माझा जीव रमलाय असं वाटतं तुम्हाला? तू दोनदा जाणार, चारदा जाणार. मी एकदा तरी कुठं गेले?” पलीकडच्या काठाला चरणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या.

तो जाणार म्हणून मी ओरडतेय असं मला तोपर्यंत वाटत होतं. बोलता बोलता मलाच ऐकू आलं की मी दुसरंच काही बोलतेय. तो निघून जाईल या भीतीने मी चार महिने जागी होते, ते खरंच होतं. पण जाणारा तो आहे, मी नाही, हे मला त्याहून जास्त झोंबत होतं.

त्यालाही ते ऐकू आलं असावं. कडेवरची पकड न सोडता त्याने मान वर केली.

“ताई,” तो म्हणाला, “तुला जायचंय का कुठं?”

एकोणचाळीस वर्षांत हे मला कुणीतरी पहिल्यांदा विचारत होतं.

“नाय,” मी म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले की ते खोटं आहे हे मलाही ऐकू आलं, आणि त्याने नजर खाली वळवली.