टाकीतलं पाणी

आमचे शेजारी ट्रक चालवत, नांदुऱ्याहून सरकी आणत. तेव्हा गाड्यांना हवेचे ब्रेक नवेच आले होते. घरी आले की ते आधी चाकामागे दगड लावत, कारण हवा सोडल्यावर ब्रेक धरत नाही; मग गाडीखाली शिरून हवेच्या टाकीचा नळ सोडत. फुस्स करून आत साचलेलं पाणी बाहेर पडे. चहा त्यानंतर. मला हसू आलं की म्हणत, "काऊन हासता गुर्जी? लेकराचं नाक पुसल्याबिगर निजवता काय तुमी?"

त्यांच्या मुलीला बघायला मुलगा आला, तो स्वतःच चालवत असलेल्या ट्रकमधून. आत पोहे सुरू झाले आणि आमचे शेजारी गायब. परतले ते गढूळ पाण्याचा तांब्या घेऊन. तो त्यांनी थेट मुलाच्या वडिलांपुढे ठेवला.

"हे तुमच्या पोराच्या टाकीतलं. ब्रेक लागन काय अशानं? याले पोरगी कशी देऊ?"

मुलाचे वडील संतापून उठले. मुलगा मात्र बाहेर गेला आणि चाकामागे दगड लावून आला.

लग्न ठरलं. वऱ्हाड त्याच ट्रकमधून आलं. मंगलाष्टकं संपत आली तरी आमच्या शेजाऱ्यांची अक्षतांची मूठ मिटलेलीच. अंतरपाट दूर झाला, तेव्हा नवरदेवानं नवरीकडे बघण्याआधी सासऱ्यांना आपली वंगणानं काळी झालेली बाही दाखवली.

तेव्हा कुठे अक्षता पडल्या.