दुपारी घरी कोण असतं?

खून, दरोडे, मारामाऱ्या यांच्या आठवणी निवृत्तीनंतर हळूहळू पुसट होत गेल्या. ही घटना मात्र आजही आठवते, आणि आठवली की तेव्हाइतकाच संताप येतो. वरवर पाहिलं तर त्यात काहीच नव्हतं. ऑनलाइन मागवलेला एक मोठा टीव्ही खराब निघाला होता. यात मी कुणाचंही नाव देणार नाही. ज्यांचा दोष नव्हता त्यांना पुन्हा चव्हाट्यावर आणायचं नाही, आणि ज्यांचा होता त्यांचा खटला अजून उभा आहे.

तेव्हा मी जुन्या जालन्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी नुकतीच झाली होती. दुपारी केबिनमध्ये कागद पाहत असताना बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलाभोवती हसण्याचा आवाज आला. पोलीस ठाण्यात हसू आलं की मी उठून पाहत असे, कारण बहुतेक वेळा समोर कुणीतरी रडवेला माणूस उभा असतो. त्या दिवशी डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण बाई उभी होती आणि तिच्या मागे तिचे वडील, टोपी हातात धरून.

"बाई, टीव्ही फुटल्याची तक्रार इथं नसती," अंमलदार सांगत होता. "ग्राहक मंचात जा."

"फुटल्याची तक्रार न्हाई माझी," ती म्हणाली. "मी फोडला न्हाई, एवढं लिहून घ्या."

मी दोघांना आत बोलावलं आणि पाणी द्यायला सांगितलं.

तिचं सासर जालन्यातच मस्तगडला, माहेर वडीगोद्रीजवळच्या एका खेड्यात. नवरा बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. घरात नवरा, सासू आणि ती. नवऱ्याने दिवाळीच्या सेलमध्ये पंचावन्न इंची टीव्ही मोबाइलवरून मागवला. माल पोहोचवणाऱ्या स्थानिक एजन्सीची गाडी खोकं टाकून गेली. दुसऱ्या दिवशी टेक्निशियन आला, त्याने टीव्ही भिंतीवर टांगला, चालू करून दाखवला आणि गेला. सासूने समोरून कुंकू लावून पूजा केली. काही दिवस बरे गेले. मग टीव्ही तापला की पडद्यावर उभ्या रेघा यायला लागल्या आणि एका संध्याकाळी अर्धा पडदा काळा झाला.

तक्रार नोंदवायला नवऱ्याने किती फोन केले असतील कोण जाणे. एक दाबा, दोन दाबा, प्रतीक्षा करा. ऑनलाइन विकणारी कंपनी म्हणे टीव्ही बनवणाऱ्याला विचारा, तो म्हणे जिथून घेतला तिथे विचारा. अखेर तोच टेक्निशियन पुन्हा आला. टीव्ही भिंतीवरून उतरवताना दुसरी बाजू हिनेच धरली. त्याने बॅटरी मारून पडदा पाहिला आणि सासूला विचारलं, "दुपारी घरी कोण असतं?"

"मी भजनाला जाते. सून असती."

"मंग बराबर हाय. पॅनलला बाहेरून मार लागलाय. पुसताना हात पडला असंल जोरात, न्हाईतर काही आदळलं असंल. अशाला वॉरंटी बसत न्हाई."

तो चहा पिऊन निघून गेला आणि त्या घरात ही बाई आरोपी झाली. सासूने गल्लीभर सांगितलं. नवऱ्याने हात उचलला नाही की शिवी दिली नाही. तो रोज जेवताना एवढंच म्हणायचा, "खरं सांगून टाक, मी काही बोलणार न्हाई." शेवटी सासूने तिच्या वडिलांना बोलावलं आणि खरं बोलायला शिकवून मग आणून सोडा, असं सांगितलं.

"साहेब, चूक झाली असंल तर म्या भरून देतो," वडील म्हणाले.

"तुम्ही भरून दिलं की मीच फोडला असं व्हईल, बाबा," ती म्हणाली.

तीस वर्षांच्या नोकरीत खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. खोटं बोलणाऱ्याला सहसा प्रकरण मिटवायची घाई असते. हिला प्रकरण लिहून ठेवायची घाई होती. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कसा खराब झाला?"

"तो नवा नव्हताच, साहेब. उतरवताना मी मागून बघितला. हवेच्या जाळीत कुंकू व्हतं, तांदळाचे दाणे चिकटलेले. आम्ही पूजा केली ती टांगल्यावर, समोरून. मागं कोण लावणार? मी आत्याबाईला सांगितलं, तर म्हणल्या तूच लावलं असशील."

तिचा तक्रारी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि एका महिला हवालदाराला घेऊन त्याच संध्याकाळी मस्तगडला गेलो. सासूबाई प्रथम म्हणाल्या, "लावलं असंल मीच." टीव्ही पुन्हा भिंतीवर टांगून मी म्हणालो, "लावून दाखवा." त्यांनी बाजूने हात घालून पाहिला. बोटंसुद्धा जाळीपर्यंत पोहोचेनात. दोन पंचांसमक्ष पंचनामा केला, कुंकू आणि अक्षता पाकिटात सील केल्या आणि टीव्ही ताब्यात घेतला. कुणाच्या तरी घरी पूजा झालेला टीव्ही नवा म्हणून या घरात आला होता.

वरिष्ठांनी फोनवर विचारलं, "खुनाचा तपास सोडून टीव्ही बघत बसलात का?" मी दोन्ही चालू आहेत म्हणालो. खरं तर एजन्सीवाल्याला उचलण्याइतका पुरावा हातात नव्हता. तो म्हणाला असता, खोकं आलं तसं पोहोचवलं.

आठवड्याभरात माझ्या एका जुन्या खबऱ्याने वाट दाखवली. लग्नाच्या मंडपात पडदे आणि टीव्ही भाड्याने देण्याचा त्याचा धंदा. तो येऊन म्हणाला, "साहेब, वडीगोद्रीला हायवेच्या कडंला एक दुकान हाय. नवेकोरे मोठे टीव्ही बिनाबिलाचे विकून राह्यलाय. मलाबी घे म्हणला. माल जालन्याहून येतोय म्हणे."

साध्या वेशातला एक हवालदार गिऱ्हाईक म्हणून पाठवला. त्याने सौदा ठरवला, इशारा केला आणि आम्ही आत गेलो. दुकानात तीन टीव्ही होते. त्यातल्या एकाच्या मागे छापलेला क्रमांक मस्तगडच्या नवऱ्याला कंपनीकडून मोबाइलवर आलेल्या क्रमांकाशी जुळला. म्हणजे त्याने पैसे मोजून घेतलेला टीव्ही वडीगोद्रीला विकायला ठेवला होता आणि त्याच्या भिंतीवर दुसऱ्याच कुणाचा तरी परत आलेला टीव्ही लटकत होता.

गुन्हा दाखल केला आणि एजन्सीच्या गोदामावर छापा घातला. मागच्या खोलीत परत आलेले टीव्ही भिंतीला टेकवून ठेवलेले होते. एकाच्या मागे स्वस्तिक काढलेलं, एकावर लहान पोरांनी चिकटवलेली स्टिकर्स. शेजारी कोऱ्या खोक्यांची आणि चिकटपट्टीची चळत. ग्राहकाने खराब टीव्ही परत केला की कंपनी त्याला दुसरा देत असे. खराब टीव्ही लांबच्या कोठारात नेणं परवडत नाही म्हणून तो भंगारात काढायला एजन्सीलाच सांगत असे. एजन्सीवाला तो भंगारात काढत नव्हता. थोडा वेळ चालण्याजोगा करून नव्या खोक्यात घालत होता आणि पुढच्या ग्राहकाचा कोरा टीव्ही वडीगोद्रीला पाठवत होता. हा दुसरा ग्राहक तक्रार करणार, हे त्याला माहीत होतं. तिथे टेक्निशियनचं काम सुरू व्हायचं. मार लागलाय म्हणून त्याने शेरा मारला की तक्रार तिथेच बंद.

एजन्सीवाला वकिलाचं नाव घेऊन गप्प बसला. टेक्निशियन मात्र अगदी बिनधास्त होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. "साहेब, मला काय ठाऊक कुठला टीव्ही? मी माल बघतो आन् जे दिसलं ते लिहितो. पॅनल बघितलं की मार कळतो."

"चालू न करता?"

"अनुभव हाय ना, साहेब."

मी हवालदाराला खूण केली. त्याने एक टीव्ही आणून टेबलावर ठेवला. "याची वायर सध्या नाही," मी म्हणालो. "बघून सांग."

त्याने बॅटरी मारली, मान तिरकी केली, काचेवरून अंगठा फिरवला. पुरता वेळ घेऊन तपासल्याचं सोंग केलं. "याला बी मार हाय. खालच्या कोपऱ्यातून."

हवालदाराने खिशातून वायर काढून जोडली. पडदा लख्ख उजळला, एक रेघ नाही. तो वडीगोद्रीच्या दुकानातून जप्त केलेला कोरा टीव्ही होता. टेक्निशियन त्या पडद्याकडे पाहत राहिला. मग त्याने पाणी मागितलं आणि बोलायला लागला.

असं जिथे जिथे केलं ती घरं त्याने एकामागून एक सांगितली. मी विचारलं, "दुपारी घरी कोण असतं, हे का विचारायचास?"

तो खाली पाहत म्हणाला, "कुणीतरी लागतं ना, साहेब. नुसतं मार लागलाय म्हणलं तर लोक भांडतात, कंपनीला फोन लावतात. घरातल्या माणसाचं नाव निघालं की आपसातच भांडतात. आपल्याला विचारत न्हाईत."

"आणि घरी कर्ता पुरुष असतो म्हणाले तर?"

"मंग कामवाली येती का विचारायचं."

त्याला मारावं असं मला वाटलं. मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. चोर घरात शिरतो, वस्तू नेतो आणि पळतो. या माणसाने दारातून, पाहुण्यासारखं शिरून, चहा पिऊन, घरातलं सगळ्यात दुबळं माणूस शोधून ठेवलं होतं. तेही रोजच्या कामाचा भाग म्हणून.

जबाब घेण्यासाठी आम्ही त्या घरांमध्ये फिरलो. एका ठिकाणी भांडी घासणारी बाई चोरटी नाही पण धसमुसळी आहे म्हणून काढून टाकली होती. दुसरीकडे एका शाळकरी मुलीला बापाने पट्ट्याने मारलं होतं. मी त्याला खरं काय ते सांगितलं, तेव्हा तो मुलीकडे न बघता आत निघून गेला.

मस्तगडच्या लोकांना मी ठाण्यात बोलावलं. सूनही वडिलांबरोबर आली. टेक्निशियनला समोर उभं करून मी त्याच्याच तोंडून सगळं वदवून घेतलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. तो बायकोला म्हणाला, "चल घरी. झालं गेलं."

ती जागची हलली नाही. "हा सापडला म्हणून चल म्हणून राह्यलात," ती म्हणाली. "हा सापडला नसता तर?"

ती वडिलांबरोबर माहेरी गेली. मला मनातून बरं वाटलं. पुढे सासू आणि नवरा तिच्या गावी गेले. सासूने तिथे चार बायकांसमोर आपली चूक कबूल केली, आणि परत आल्यावर ज्या ज्या दारी सुनेची बदनामी केली होती त्या दारीही जाऊन सांगितलं. मग ती नांदायला आली. हे मला तिच्या वडिलांनीच कळवलं. सासूने हे केलं, याची नोंदही मी इथे करतो. चूक कबूल करायला दारोदार जाणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

कंपनीचा वकील गुळगुळीत कागद घेऊन आला. आम्हीही फसवले गेलो, म्हणे. ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय, म्हणे. मी त्याला विचारलं, ग्राहकाच्या म्हणण्यावर एकदा तरी दुसरा माणूस पाठवून तपासलं होतं का? एकाच टेक्निशियनने तपासलेले सगळे टीव्ही ग्राहकांनीच कसे फोडले, हा प्रश्न तुमच्या एवढ्या मोठ्या कचेरीत कुणालाच पडला नाही का? तो म्हणाला, हे धोरणात्मक आहे. शेवटी फसलेल्या सगळ्या घरांना नवे टीव्ही मिळाले. एजन्सीवाला आणि टेक्निशियन जामिनावर सुटले. दोषारोपपत्र मी वेळेत दाखल केलं. तारखा अजून पडतात.

या तपासाने मला एक शिकवलं आणि ते मी पुढे हाताखालच्या प्रत्येक माणसाला सांगत आलो. अमक्याने केलं असं कुणी सांगितलं की अमक्याकडे वळायच्या आधी सांगणाऱ्याकडे वळा. त्याने पाहिलं काय, आणि तसं म्हणण्यात त्याचा फायदा काय, हे विचारा. घरात काही बिघडलं की आपण इतक्या सहज सुनेकडे, मुलीकडे, कामवालीकडे, म्हाताऱ्याकडे बघतो, की चोराला नुसतं बोट दाखवावं लागतं. बाकीचं आपण करतो.

जबाबासाठी फिरलो त्यातलं एक शेवटचं घर सांगायचं राहिलं. तिथे दुपारी फक्त एक म्हातारे आजोबा असत, काठी टेकत चालणारे. टेक्निशियन गेल्यानंतर मुलगा एकदाच रागावला होता, पण म्हाताऱ्याने त्या दिवसापासून बैठकीत बसणं सोडलं होतं. ओसरीवरच जेवत, ओसरीवरच झोपत. मी त्यांच्या शेजारी बसून सगळं समजावलं. टीव्ही आधीच खराब होता, माणूस पकडला आहे, त्याने कबूलही केलं आहे. मुलगाही समोर उभा होता. तो म्हणाला, "बाबा, आत चला. तुमच्याकडून काही झालं न्हाई."

म्हाताऱ्याने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "तुम्ही चांगली माणसं, म्हणून म्हणून राह्यलात. माझीच काठी लागली असंल. आजकाल ध्यानात राहत न्हाई."

मी पुन्हा सांगितलं. मुलाने सांगितलं. आत नवा टीव्ही लागलेला होता आणि नातवंडं आजोबांना हाका मारत होती. ते काही उठले नाहीत. गुन्हा उघड झाला होता, आरोपी कोठडीत होते, मुद्देमाल जप्त होता. त्या म्हाताऱ्याला निर्दोष सोडणं मात्र मला जमलं नाही.