व्हाइगांडआजोबांच्या गाडीतलं पाणी

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. — वाक्य लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. कारण माझे मित्र लगेच ओरडतील, "अरे लबाडा, व्हाइगांडआजोबांचीच ना? शंभरदा ऐकलीय!" ऐकली आहे, खरं आहे. मी ती उभं राहून सांगतो. काठी टेकत आजोबा होतो, पदर नसताना पदर सावरत त्यांची बायको होतो, गोठून फुटणारं इंजिनसुद्धा होतो — टाळूला जीभ लावून असा 'टक्क' आवाज काढतो की पुढच्या रांगेतल्या बायका दचकतात. आमची कुसुम तर आतून पोहे परतता परतता आठवण करते, "अहो, कंबर धरल्याचं राहिलं!"

त्या गोष्टीत एक विसरभोळा जर्मन म्हातारा आहे. ऐन जानेवारीत स्वतःच स्वतःच्या गाडीत पाणी भरतो, रात्रीत इंजिन फोडून घेतो, आणि सकाळी विचारतो, "पाणी कुणी भरलं?" लोक पोट धरून हसतात. मीही हसतो.

ती गोष्ट खोटी आहे. कुठे खोटी? — सांगतो, घाई नको. आधी गाडीबद्दल सांगू द्या. (पाहिलंत? पळवाट. पळवाटा मला फार छान येतात.)

पन्नासच्या दशकात मी पीएच.डी.साठी डार्मश्टाटला होतो, आणि व्हाइगांड दांपत्याच्या घरी वरच्या खोलीत राहत होतो. आजोबा रेल्वेच्या वेळापत्रक कचेरीतून निवृत्त झालेले. मी त्यांना तोंडावर 'हेर (म्हणजे श्रीयुत) व्हाइगांड' म्हणायचो आणि मनात आजोबा. ते मला 'हेर झाबनीस' म्हणायचे; आमच्या सबनीसांचा स त्यांच्या जिभेवर कधी बसला नाही. त्यांच्याकडे युद्धापूर्वीची एक काळी, चार दारांची गाडी होती. तिकडे अशा गाडीला लिमुझीने म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात, आपण कुलदैवताचं नाव घेताना आणतो तसा. लढाईत लष्कराने ती नेऊ नये म्हणून आजोबांनी ती सुटी करून गावभर लपवली होती. चाकं एका शेतकऱ्याच्या गवताखाली, कार्ब्युरेटर सासूच्या कपाटात, डायनॅमो मधमाश्यांच्या रिकाम्या पेटीत. आणि पाच वर्षांनी, कागदाचा एक चिटोराही न बघता, स्क्रू न् स्क्रू गोळा केला. हे ते स्वतः क्वचित सांगायचे. दुसरे सांगायचे, आणि आजोबा तेव्हा गुडघ्यांकडे बघत बसायचे — लाजलेल्या नवरीसारखे.

दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या एका खाणावळीच्या अंगणात अशा सात-आठ गाड्या जमत आणि मालक बिअरचे पेले घेऊन एकमेकांना सल्ले देत. तेल गरम असताना काढावं की गार? प्लगची काजळी ब्रशने काढावी की चाकूने? काच पुसायच्या चामड्यावरून दोघं जण तीन महिने एकमेकांशी बोलत नव्हते! या देवळात मला प्रवेश मिळाला तो एका विचित्र कारणाने. मी जर्मन शिकलो ते आजोबांच्या गाडीच्या माहितीपुस्तकातून. त्यामुळे दुकानात मला धड पाव मागता येत नव्हता, पण व्हॉल्व्हची फट किती ठेवावी हे मी निर्दोष व्याकरणात सांगत असे. लोक खूश. मीही खूश. पण शेवटचा शब्द आजोबांचा. त्यांना प्रत्येकाच्या गाडीने कधी तेल घेतलं, कधी पट्टा बदलला, सगळं तोंडपाठ.

आता पाणी. गोठू नये म्हणून रेडिएटरमध्ये घालायचं औषध तेव्हाही मिळत होतं. पण त्याने रबरी नळ्या कुजतात अशी आजोबांची ठाम समजूत. म्हणून हिवाळ्यात रोज संध्याकाळी गाडीखाली आडवं व्हायचं, तोटी उघडायची, पाणी बादलीत घ्यायचं. ते पावसाचं गाळलेलं पाणी, फेकायचं नाही. बादली तळघरात बॉयलरशेजारी ठेवायची, आणि स्टिअरिंगला पुठ्ठ्याची पाटी अडकवायची — 'पाणी नाही'. सकाळी पाणी भरायचं, पाटी काढायची, मगच गाडी चालू. हा नेम आजोबांनी एकदाही चुकवला नव्हता.

त्या दिवशी संक्रांत होती. फ्रांकफुर्टला आम्ही आठ-दहा मराठी मुलं जमणार होतो. कुणाच्या तरी आईने तिळगुळाचं पार्सल पाठवलं होतं, आणि कार्यक्रमात माझ्या नकला होत्या. मी माझा एकुलता एक लोकरी सूट चढवून जिना उतरत होतो. दुपारी गाडीतून उतरताना आजोबांच्या कमरेत उसण भरली होती. ते खुर्चीतून म्हणाले, "हेर झाबनीस, आज पाण्याचं तेवढं बघाल का? कृपा होईल."

कृपा! मी म्हटलं, "त्यात काय एवढं!" आणि गॅरेजमध्ये गेलो.

पाटी दाराशीच खिळ्याला होती. ती मी आधी स्टिअरिंगला अडकवली. का आधी? हाताशी होती म्हणून. मग जमिनीकडे पाहिलं. काळं तेल, चिखल, बर्फाचा चुरा. मग सुटाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. आगगाडीला अठरा मिनिटं होती. मनात म्हटलं, गॅरेजला दार आहे, भिंती आहेत, एका रात्रीत काय होतंय? — असं खरंच म्हटलं का? की काहीच म्हटलं नाही, आणि हे सगळं मी मागाहून रचलं? मला रचायची सवय आहे. एवढं नक्की की मी दिवा घालवला आणि निघालो. माझ्या नकला त्या दिवशी अफाट रंगल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिळगुळाची पुडी घेऊन परतलो तर आजोबा बॉनेट उघडून उभे. इंजिनच्या कुशीत वीतभर फट, आणि फटीतून बाहेर आलेलं बर्फ. पाटी जागच्या जागी.

"हेर झाबनीस," ते म्हणाले, "तुम्ही पाणी सोडलं होतंत ना?"

मी म्हणालो, "हो."

एवढ्यावर थांबलो असतो तर? तरी तो साधा खोटेपणा राहिला असता. पोरं काच फोडून करतात तसा. पण ते माझ्याकडे बघत राहिले, नुसते बघत, आणि मी — मी एक प्रश्न विचारला. अगदी सहज, काळजीच्या सुरात. "तुम्ही नंतर खाली आला होतात का?"

दारातून आजोबांच्या पत्नी, फ्राऊ व्हाइगांड म्हणाल्या, "आले होते की! मी नको नको म्हणत असताना, काठी टेकत. इंजिनवर घोंगडी टाकायला. अर्धा तास."

आजोबा तळघरात गेले. बादली मला आठवलीच नव्हती! ती कोरडी होती. आत बोट फिरवलं तर धूळ लागली असती. संपलं, मी मनात म्हटलं — आणि खरं सांगू? क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं.

पण आजोबा वर आले ते वेगळाच हिशेब करून. वेळापत्रकाचा माणूस, अमुक गाडी या स्टेशनात नाही म्हणजे ती पुढच्या स्टेशनाकडे निघाली. "आल्झो, तर मग," ते एकेक बोट मिटत म्हणाले, "हेर झाबनीसांनी पाणी सोडलं. पाणी बादलीत होतं. आता बादलीत नाही, इंजिनात आहे. मध्ये खाली फक्त मी आलो." सगळी बोटं मिटली. त्या मुठीकडे पाहत ते म्हणाले, "म्हणजे मी भरलं. आणि मला आठवत नाही."

मी खोटं बोलू शकतो, ही एक शक्यता त्यांच्या हिशेबात नव्हतीच. मी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्यांनी तो खाल्ला. 'छान आहे' म्हणाले.

सोमवारी सांगायचं ठरवलं. सोमवारी मेकॅनिक आला. मंगळवारी ठरवलं, मंगळवारी फ्राऊ व्हाइगांडनी गॅसच्या काड्या उंच फळीवर ठेवल्या आणि मला खुणेने सांगितलं, यांच्या हाती देऊ नका. रविवारी खाणावळीच्या अंगणात आजोबांनी स्वतःच उभं राहून सगळ्यांना सांगितलं — इंजिन ठीक होईल, दोष माझ्या डोक्यात आहे. आणि मग काय विचारता! गाडीला मिळायचे तसे त्या डोक्याला सल्ले मिळाले. एकाने लसूण सांगितली. एकाने वही. एक म्हणाला, "वर्षं फार चालली की सगळ्यातच गळती होते, व्हाइगांड!" सगळे हसले. त्या लढाईतल्या कार्ब्युरेटरबद्दल त्यानंतर कुणी बोललं नाही. हे मी तिथेच, पेला हातात धरून पाहिलं. तेव्हा तर सांगणं अशक्य झालं — आता एका माणसाला नाही, आठ माणसांना सांगावं लागलं असतं. कळतंय ना, भिंत कशी चढत जाते? विटा मीच देत होतो.

मेकॅनिकने फट मोठ्या कसबाने बुजवली. मग आजोबांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तुम्ही चालवा. माझा माझ्यावर भरवसा नाही." आणि त्याच संध्याकाळी वाइनचा पेला माझ्या पेल्याला लावून म्हणाले की आजपासून मला 'तू' म्हण. चाळीस वर्षांनी मोठा माणूस! तिकडे हा मान असा तसा मिळत नाही. माझ्या तोंडातून ते 'तू' काही निघेना. त्यांना वाटलं, केवढा विनय हा!

ती किल्ली मला हवी होती का? हो. फार हवी होती. रविवारी ती लिमुझीने अंगणात वळवताना माझी मान जरा ताठ व्हायची, आणि शेजारच्या सीटवर आजोबा हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखे बसलेले असायचे.

त्यांनी खरंच वही केली. दिवे घालवले, दार लावलं, औषध घेतलं — सगळं लिहायचे. संध्याकाळी मी गाडीखाली आडवा होऊन पाणी सोडायचो तेव्हा ते बॅटरी धरून उभे राहायचे, आणि वहीत नोंद करून खाली माझी सही घ्यायचे. तपासलं: सबनीस. दोन हिवाळे, रोज. पाठीला ती ओली थंड जमीन, डोळ्यांवर बॅटरीचा उजेड, आणि वरून आजोबांचा आवाज, "सगळं गेलं ना रे? नक्की?" "नक्की." घर बदलावं असं शंभरदा मनात आलं. पण बदलायचं कसं? फ्राऊ व्हाइगांड शेजारणीला सांगायच्या, हा आहे म्हणून आमचं चाललंय.

त्या दोन वर्षांत ते काही विसरले का? मी डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली. विसरावेत म्हणून वाट पाहिली — हेही लिहून टाकतो. एकदा जरी चुकले असते तर माझं खोटं निदान थोडं तरी खरं झालं असतं. ते चुकले नाहीत. फक्त हळू झाले. दार लावून परत उघडून बघायचे, वाक्य अर्धं सोडून माझ्याकडे पाहायचे. मग त्यांनी बोलणंच कमी केलं.

त्यांचा मुलगा, क्लाउस, कासेलहून आला. शहाणा, दमलेला माणूस. बापाला आणि आईला कासेलला नेऊन घर विकावं असा त्याचा विचार होता. आजोबांना ते घर सोडायचं नव्हतं. स्वयंपाकघरात आम्ही चौघे बसलो होतो. क्लाउस मला म्हणाला, "मी वर्षातून दोनदा येतो, मला काय कळणार? तुम्ही रोज बघता. खरं सांगा. बाबा विसरतात का?"

याहून सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल. 'नाही' म्हणायचं होतं. त्याने पुढचा प्रश्न विचारला असता — मग इंजिनचं काय? — एवढीच त्यात अडचण होती.

मी म्हणालो, "हो. कधीकधी."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्यांनी मान हलवली आणि मुलाला म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. याला विचार. याला सगळं माहीत असतं."

वसंतात घर विकलं गेलं. गाडी त्यांनी मला दिली. मी घेतली. चार वर्षं वापरली. मैत्रिणींना फिरवलं, मित्रांचे फोटो काढले, आणि पहिल्यांदा त्यांची नक्कल केली तीही तिच्याच बॉनेटला टेकून. टाळ्या पडल्या. मग करतच राहिलो.

कासेलहून एकदाच पत्र आलं, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. गाडी कशी आहे विचारलं होतं. आणि खाली लिहिलं होतं, "ती संध्याकाळ मी पुन्हापुन्हा आठवतो. जिना आठवतो, काठी आठवते, घोंगडी कुठल्या बाजूने टाकली तेही आठवतं. पाणी भरल्याचं आठवत नाही. तुला काही माहीत असेल तर लिही. आता गाडीसाठी नाही विचारत."

मी चार पानी उत्तर लिहिलं. नवे प्लग, बदललेलं तेल, एक्झॉस्टचा बारीकसा आवाज, टायरची झीज — सगळं लिहिलं, सुरेख अक्षरात, आणि मध्ये एक विनोदही. त्या संध्याकाळबद्दल एक ओळ लिहिली नाही.