चक्क्याची पिशवी
वेलचीचा वास आला की मला नौपाड्यातली सासुरवाडीची गॅलरी आठवते. त्या वर्षी पाडव्यासाठी अमेरिकेतून आलेल्या मेव्हण्याने आदल्या दिवशी सामानातून चुकून सोबत आलेल्या चार डागाळलेल्या पांढऱ्या सुती पिशव्या काढल्या होत्या. तिकडे तो शिकारीला जातो आणि मारलेल्या रानडुकराचं मांस त्यांत टांगून ठेवतो, हे त्याने मला मोठ्या ऐटीत सांगितलं. घरात अंडंही येत नसे, त्यामुळे श्रोता मी एकटाच. "जिजू, आईला कळलं तर ती माझ्या हातचं पाणी पिणार नाही. तुम्हीच धुवा, जावई बाथरूममध्ये काय करतो हे कोणी विचारत नाही. आणि गार पाणी घ्या, गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो." मी कडी लावून त्या मिठाच्या पाण्यात भिजवल्या, घासल्या आणि गॅलरीत वाळत घातल्या. फार शुभ्र निघाल्या, तिथेच घोळ झाला. दुसऱ्या दिवशी पानात श्रीखंड आलं. "तुझ्या त्या पिशवीत चक्का काय सुरेख उतरला रे," सासूबाई लेकाला म्हणाल्या. मेव्हण्याने मान खाली घातली. दार माझ्या मागेच होतं, पण सणाच्या दिवशी जावई पानावरून उठतो कसा? "आवडलं नाही का?" असं विचारून त्यांनी आणखी एक डाव वाढला. मी संपवलं. मेव्हण्याने तर मागून घेतलं. शेवटी शिकारी माणूस. जाताना पिशवी त्याला परत मिळाली नाही. आजही सासूबाई ती गार पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवतात, आणि दर पाडव्याला पहिला डाव माझ्या पानात पडतो.